टाचेवरचा फोड
फार जुनी गोष्ट. भर दुपारी, नव्या वहाणेत कोंबलेल्या एका टाचेवर हे घडलं. कातडीच्या तळच्या रांगेतली पेशी चिवटी हातांनी शेजारणींना आणि पायांनी खालच्या भुईला धरून होती. वहाण घासू लागली, तशी वरच्या रांगेतून हाळी आली, “भुई सोडा! सगळं बळ हातांत आणा!”

“अगं, मग उभ्या कशावर राहणार?” चिवटी ओरडली.

“एकजुटीच्या वेळी तुझं आपलं भलतंच!” शेजारीण फणकारली. साऱ्या रांगेने पाय सोडले. त्या ओढीत चिवटीचेही निसटले.

पुढच्याच घासणीला सगळ्या जणी हातात हात घालून उचलल्या गेल्या आणि खाली पाणी भरलं. एकीचाही हात सुटला नव्हता.

भुई सोडायचा हुकूम कोणाचा होता, याचं उत्तर वरच्या रांगेने अजून दिलेलं नाही.