दमाईचा थांबा

"मग माझ्यात कमी काय आहे, एवढं तरी सांगा, बुवा."

बुवा खिडकीबाहेर बघत होते.

"घाट लागला," ते म्हणाले.

पद्माकरनं गिअर बदलला. निळी कण्हली आणि चढू लागली.

निळी म्हणजे आमच्या विश्वंभरबुवांची गाडी. रंग निळा, म्हणून निळी. एका शौकीन डॉक्टरांकडून बुवांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती, आणि तिच्यातून हिंडत त्यांनी गावोगाव मैफली केल्या होत्या. आता डोळ्यांनी दगा दिला होता, म्हणून गाडी पद्माकर चालवायचा. पुढं ते दोघं, मागं दोन तंबोरे आणि मी. तंबोऱ्यांना ऐसपैस बसता यावं म्हणून मी अंग चोरून बसायचो. पद्माकरपेक्षा मी वयानं मोठा आणि गळ्यानं लहान. बुवांच्या मागं तंबोरा धरायचा एवढीच माझी कमाई, आणि ती मला पुष्कळ वाटायची.

ते दिवस आठवले की अजून तो वास येतो. पेट्रोलचा, तंबोऱ्याच्या गवसणीचा, बुवांच्या डबीतल्या लवंगांचा. जीव कासावीस होतो, खोटं कशाला सांगू.

दौरा सांगलीहून निघालेला. पुणं झालं, नाशिक झालं, मधली लहानसहान गावं झाली. आता शेवटचा कार्यक्रम, सावरघाटाच्या माथ्यावरच्या गावी. तिथं बुवा गाणार नव्हते. पहिल्यांदाच पद्माकर मुख्य गवई म्हणून बसणार होता आणि मारवा गाणार होता. मारवा दिवस मावळतानाचा. ऊन असताना तो रंगत नाही आणि दिवे लागल्यावर त्याला कुणी विचारत नाही.

"लोक म्हणतात, असा दमसास आज कुणाचा नाही," पद्माकर म्हणाला.

"म्हणतात."

"मी श्वास कुठं घेतो ते कळत नाही म्हणतात."

"नाही कळत."

"मग तुम्ही मला कधी 'वा' का म्हणत नाही?"

बुवांनी लवंग तोंडात टाकली...

पोरगा खोटं बोलत नव्हता. बुवा तसे कंजूष नव्हते. भाजीवाल्याची आरोळी सुरात लागली तर रस्त्यात उभे राहून 'वा' म्हणायचे. मी तंबोरा नीट लावला तर मलासुद्धा म्हणायचे. पण पद्माकरचा षड्ज लांबत लांबत जायचा, मंडप टाळ्यांनी दणाणायचा, आणि बुवा मांडीवरच्या उपरण्याची घडी नीट करत बसायचे. त्या एका अक्षरासाठी पद्माकर झुरत होता. मला ते बघवत नसे.

घाटाच्या मध्यावर दमाई आहे. शेंदूर लावलेला दगड, वर पत्रा, शेजारी झऱ्याचं कुंड. पूर्वी चढून आलेले बैल तिथं दम खायचे, माणसं दम खायची, पुढं मोटारी खाऊ लागल्या, म्हणून ती दमाई. तिला नारळ दिल्याशिवाय कुणी ड्रायव्हर पुढं जात नसे. आमचाही नारळ माझ्या पायाशी घरंगळत होता.

"दमाई आली," बुवा म्हणाले.

"उशीर होईल, बुवा. येताना थांबू." पद्माकरनं वेग कमी केला नाही. "आणि नारळ फोडला नाही म्हणून काही इंजिन बंद पडत नाही."

बुवांनी धावत्या गाडीतूनच हात जोडले. दमाई मागं गेली.

दोन-चार वळणं झाली असतील नसतील, बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. इंजिनच्या तापाचा काटा केव्हाच तांबड्यात गेला होता, पण पद्माकरचं लक्ष घड्याळाकडं. निळीनं एक आचका दिला आणि ती कड्याच्या बाजूला गप्प उभी राहिली. मी उतरून चाकामागं दगड लावला.

पद्माकरनं बॉनेट उघडलं. आत रटरट आवाज येत होता. त्यानं फडकं गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला, तेवढ्यात बुवांची काठी त्याच्या मनगटावर आडवी पडली.

"भाजशील."

"पाणी घालायला नको?"

"पाणी आहे कुठं?"

पाणी नव्हतं. होतं ते बुवांच्या थर्मासमधलं, ज्येष्ठमध घातलेलं, तेही घोटभर. मी डबा घेऊन पायवाटेनं दमाईच्या कुंडाशी उतरलो. आलोच आहे तर पद्माकरच्या वतीनं हातही जोडले. देवीचा राग आपल्या पाठीवर नको.

धापा टाकत वर आलो तर पद्माकरनं डबा माझ्या हातातून हिसकलाच.

"गार आहे?" बुवांनी विचारलं.

"बर्फासारखं आहे," मी म्हणालो.

"पद्माकर, मैफल संपवून उठलास. घामाघूम झाला आहेस, गळा तापलाय. मी तुला असलं पाणी देईन?"

"नाही."

"काय म्हणेन?"

पद्माकर थांबला. "...आधी बस म्हणाल."

"मग तिला म्हण."

डबा खाली आला, राग मात्र उतरला नाही. तो येरझाऱ्या घालू लागला. ऊन समोरच्या डोंगरावर सरकत होतं. तो एकदा उन्हाकडं बघे, एकदा घड्याळाकडं, एकदा निळीकडं, आणि तिच्याकडं बघताना असं बघे, की मलाच अपराध्यासारखं वाटावं.

"दम खा जरा," बुवा म्हणाले. ते दगडावर बसले होते.

"दम माझ्याकडं भरपूर आहे, बुवा!"

"आहे ना. मी खा म्हणतोय."

पद्माकर त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आज सांगाच. मी काय कमी करतो? रियाज? सेवा? आज नाही सांगितलंत तर... तर इथून पुढं मी माझा एकटा गाईन."

बुवांना मूल नव्हतं. जे काही होतं ते या पोराच्या गळ्यात ओतलं होतं. हा गेला की बुवांचं गाणंही गेलं, हे मला कळत होतं तर त्यांना कळत नसेल?

बुवांनी काठी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली...

खालून एसटी आली. लाल, धुळीनं माखलेली, कुंथत. मी हात करायच्या आधीच ती थांबली. घाटात बंद गाडी दिसली की थांबायचं, हा तेव्हाचा रिवाज.

"माथ्यावर जाते?" बुवांनी विचारलं.

"जाती की. दिवस असंपातूर पोचती," कंडक्टर म्हणाला.

"जा, पद्माकर. मारवा तुझ्यासाठी थांबायचा नाही. दिगू, एक तंबोरा चढव."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, टोमणा नव्हता. ते त्याला खरंच जा म्हणत होते.

मी तंबोरा उचलला. कंडक्टरनं गवसणीकडं संशयानं पाहिलं.

"ह्या भोपळ्याचं तिकीट पडंल."

"पडू दे," पद्माकर म्हणाला आणि त्यानं पायरीवर पाय ठेवला.

मग त्यानं मागं वळून पाहिलं.

बुवा उठून निळीपाशी गेले होते. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा उलटा हात त्यांनी तिच्या बॉनेटवर ठेवला होता. भाजला, काढला, फुंकर मारली, पुन्हा ठेवला. आमच्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

पद्माकर बघत राहिला...

"ओ गवई," कंडक्टर ओरडला, "वर तरी या नायतर खाली तरी ऱ्हावा. मधी लोंबकाळू नगा!"

पद्माकरनं पाय खाली घेतला.

"तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला.

घंटी वाजली. एसटी वळणाआड गेली, धूळ बसली. मी तंबोरा छातीशी धरून उभा. मला इतकं हायसं वाटलं, की त्या भोपळ्याचा मुकाच घ्यावा.

"का रे उतरलास?" बुवांनी विचारलं.

"निळी चालवणार कोण? दिगूला सायकल येत नाही."

बुवांनी मान हलवली आणि ते परत दगडावर जाऊन बसले. पद्माकरही बसला, बुवांच्या शेजारी नाही, थोडा लांब.



वाफ विरली. रटरट थांबली. तापलेलं लोखंड निवू लागलं की आतून आवाज येतो, तो येऊ लागला. टक टक टक... टक टक... टक...

"ऐक," बुवा हळूच म्हणाले.

पद्माकरनं मान तिरकी केली. टक... आणि मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक...

"विलंबितात आली," पद्माकर म्हणाला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. सबंध दौऱ्यात ते मी पहिल्यांदा पाहिलं.

डोंगराच्या कडेला सूर्य टेकला. वरच्या गावात आता लोक जमले असतील, बैठक सजली असेल, कुणीतरी घड्याळ बघत असेल. पद्माकरला ते माहीत होतं. पण त्यानं घड्याळ पाहिलं नाही. तो गुणगुणू लागला. मारवाच. मोठ्यानं नाही, आपल्या आपण. एक सूर लावला, लांबवला... आणि मधेच सोडला. श्वास घेतला. सरळ, सगळ्यांना ऐकू जाईल असा, घाट चढून आलेल्या माणसासारखा. मग तो काही वेळ गप्प राहिला आणि सूर जिथं सोडला होता तिथूनच पुन्हा उचलला.

बुवांचे डोळे मिटलेले होते. उपरण्याची घडी विस्कटली होती, पण त्यांनी ती नीट केली नाही.

त्या रस्त्यानं आता कुणी जात नाही. डोंगराच्या पोटातून बोगदा काढलाय. माणूस बोलता बोलता घाट ओलांडतो, आणि आपण कशाच्या खालून गेलो हे त्याला कळतही नाही. दमाई वर एकटी बसलीय. नारळ नाही, वाफाळलेल्या गाड्या नाहीत. मी मुद्दाम जाऊन आलो एकदा. कुंडात पाणी आहे अजून.

बुवा गेले. निळी भंगारात गेली. ज्या दिवशी तिला ओढून नेलं त्या दिवशी मी जेवलो नाही, हसायचं तर हसा. पद्माकर आता म्हातारा झालाय, मोठा झालाय, आणि त्याच्याकडं शिकणारी मुलं मला गमतीनं सांगतात, "गुरुजी तान चालू असताना मधेच हात वर करतात आणि म्हणतात, दमाई आली. म्हणजे काय हो, काका?"

मी सांगत नाही. ज्यानं त्यानं आपला घाट चढावा.

पण मी त्या संध्याकाळचं सांगत होतो.

उजेड जाता जाता पद्माकर उठला. बॉनेटवर त्यानं उलटा हात ठेवला, बुवांनी ठेवला होता तसाच, आणि बराच वेळ ठेवला. मग झाकणाला हात घातला. थोडं फिरवलं, थांबला. अजून थोडं फिरवलं. आतून एक बारीक उसासा आला. मग त्यानं डब्यातलं पाणी सोडलं, अगदी बारीक धार. जरा ओतायचं, जरा थांबायचं. मला लहान बाळाला पाणी पाजणारी आई आठवली.

"नारळ?" मी विचारलं.

"दे इकडं."

त्यानं खाली दमाईच्या दिशेला तोंड करून नारळ दगडावर फोडला. एक वाटी बुवांच्या हातात दिली, दुसरीचे तुकडे करून मला दिले, स्वतः घेतले. आम्ही उभ्या उभ्या खोबरं चावलं. तसं खोबरं मी पुन्हा खाल्लं नाही.

सगळे गाडीत बसलो. पद्माकरनं किल्ली फिरवली. निळी खोकली, थांबली. त्यानं घाई केली नाही. पुन्हा फिरवली. ती धरून राहिली, आधी अडखळत, मग एकसारखी, घुमत, खालच्या षड्जात.

"वा!" बुवा म्हणाले.

पद्माकरचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. गाडी चालू, पण तो हलेना. मी मागं दोन तंबोऱ्यांच्या मधे श्वास धरून बसलो. समोरच्या काचेवर दोघांचे चेहरे दिसत होते, एक म्हातारा, एक तरुण. तरुण चेहऱ्याचे डोळे भरले होते.

"कुणाला म्हणालात, बुवा?" त्यानं विचारलं. "मला, की गाडीला?"

बुवांनी डबी उघडली. एक लवंग काढून त्याच्या तळहातावर ठेवली...

"दोघांत आधी जे निवलं, त्याला."