ठकूची खणती

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा कातळवण्याहून बंदरापर्यंत दोन दिवसांची पायवाट होती आणि गावात घरं होती एकवीस. त्यातल्या सगळ्यांत वरच्या, डोंगराला टेकलेल्या घरात ठकू राहायची. तिचा नवरा राघो गलबतावर खलाशी होता. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की तो घरी यायचा, भात लावायचा, आणि नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा निघायचा.

शेवटचा आला तेव्हा त्याने ओल्या फडक्यात गुंडाळून एक मुळी आणली होती, करंगळीएवढी. ती कुठल्या मुलखातली, हे त्यालाही धड सांगता येईना. परसात न्हाणीचं पाणी जातं तिथे त्याने ती लावली आणि म्हणाला, "हिला फुलं येतील तोवर मी येतो."

फुलं महिन्याभरात आली. गर्द निळी. राघो आला नाही, त्या वर्षी नाही की पुढच्या वर्षीही नाही.

गावाने त्या झाडाला गलबती असं नाव ठेवलं. बायका माळायला फुलं मागायच्या, पण ठकू एकही तोडू द्यायची नाही. उन्हाळ्यात ती स्वतःच्या पिण्याच्या पाण्यातलं अर्धं त्याला घालायची. तिसऱ्या वर्षी गलबती कुंपणाखालून पलीकडे गेली. आधी शेजारच्या द्वारकीच्या अळवात, मग हळदीत, मग गावाच्या कुरणात. सकाळी जिथे खुंट मारावा, तिथून संध्याकाळी ती हातभर पुढे गेलेली असायची, असं म्हणतात. तिच्याखाली गवत उगवेना. द्वारकीच्या गाभण गाईने तो पाला खाल्ला आणि ती उभ्या जागी कोसळली.

तेव्हा पुरुष कोयते घेऊन आले. त्यांनी गलबती तोडली, तुकडे वहाळात फेकले आणि सुटलो म्हणाले. पुढच्या पावसात वहाळाचे दोन्ही काठ निळे झाले. जितके तुकडे, तितकी झाडं.

ठकूला कुणी शिवी दिली नाही. लोकांनी तिच्याशी बोलणंच सोडलं. तिच्या चुलीला कुणी विस्तव देईना, पाणवठ्यावर ती आली की बायका घागरी उचलून चालू लागत. राघो जिवंत आहे की नाही, हातातल्या बांगड्या ठेवायच्या की उतरवायच्या, हेही तिला कुणी सांगितलं नाही. दिवसभर तिला आवाज ऐकू यायचा तो त्या बांगड्यांचाच.

मग एका चैत्रात तिने पहार घेतली.

सुरुवातीला तीही चुकली. वरून ओढायची, मुळी तुटायची, आणि एकीच्या जागी चार उगवायच्या. मग तिला कळलं की फूल बी धरायच्या आत खुडायचं, माती ओली असताना पहार खोल घालायची आणि मुळी अखंड काढायची. काढलेली शेणकीत, शेणखताच्या खड्ड्यात, टाकायची नाही, पाण्यात तर नाहीच. वरच्या कातळावर पसरून ती काडीसारखी मोडेपर्यंत उन्हात वाळवायची, आणि मगच जाळायची. एकदा खणलेल्या जागी दर पंधरा दिवसांनी परत जायचं.

असं तिने बारा वर्षं केलं. स्वतःचं परस, द्वारकीची हळद, कुरण, वहाळाचे काठ. ती अनवाणी चालायची आणि जमिनीखालची मुळी तिच्या तळव्यांना कळायची, असं म्हणतात. तिची बोटं निळी झाली आणि धुऊनही ती निळीच राहिली. लोक लांबून बघत. कुणी हाक मारली नाही, आणि तिनेही कुणाला बोलावलं नाही.

शेवटी एकच झाड उरलं, न्हाणीजवळचं, राघोने लावलेलं.

त्या दिवशी ठकू सकाळपासून पहार मांडीवर घेऊन तिथे बसली होती. ऊन चढलं तरी उठेना. कुंपणापलीकडून द्वारकी बघत होती. चौदा वर्षांत ती ठकूशी बोलली नव्हती. ती आत आली, शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "वैनी, एवढं एक राहू दे. आम्ही काही म्हणणार नाही."

ठकूने मांडीवरची पहार हातात घेतली. मग म्हणाली, "मी आहे तोवर ठीक आहे गं. मी गेल्यावर याला कोण आवरणार?"

आणि ती उठून खणू लागली. मुळी खोल गेली होती. खड्डा गुडघाभर झाला, कमरेएवढा झाला, मग ठकू त्यात दिसेनाशी झाली. वर द्वारकी टोपलीने माती ओढत होती. मुळी संपली तेव्हा खड्ड्याच्या तळाला पाणी लागलं. ठकूने बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी खारट होतं, असं म्हणतात. समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत.

ठकू वर आली, न्हाणीच्या दगडावर बसली आणि तिने एकेक करून बांगड्या उतरवल्या. त्या दिवशी तिची चूल द्वारकीने पेटवली.

ठकू गेली त्यालाही आता किती पिढ्या झाल्या. कातळवण्यात आजही नवी सून माहेरचं रोप घेऊन आली की ते पहिलं वर्षभर मडक्यातच वाढवतात. त्याची चाल कळल्याशिवाय जमिनीत लावत नाहीत. आणि चैत्रातल्या एका दिवशी सगळं गाव पहारी घेऊन निघतं. त्याला ठकूची खणती म्हणतात. त्या दिवशी आपलं परस कुणी खणत नाही, शेजाऱ्याचं खणायचं असतं. सुरुवात होते ती ज्या घरात एकटं माणूस राहतं तिथून. तिथे तण असो वा नसो, सगळे मिळून थोडी माती उकरतात, आणि मग त्या माणसाशी बोलत चहा होईपर्यंत बसून राहतात.