सुपडू पाटकरी पाण्यात उभा राहिला ती गोष्ट

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. माझ्या आजोबांना विचारलं की ते चिडायचे, आणि आता मीही चिडतो. पांझरेच्या काठी आपलं गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर एक जहागीरदार होता. नदीला बांध होता, बांधावरून पाट निघायचा आणि पाटाच्या पाण्यावर सगळ्यांची शेतं पिकायची. पण गढीवर नगारा वाजल्याशिवाय पाटाचं दार उघडायचं नाही, असा हुकूम होता. नगारा वाजला की सुपडूनं दार उचलायचं. सुपडू म्हणजे गावाचा पाटकरी, शेतोशेती पाणी सोडणारा. दार जरा आधी उचललं की पाठीवर कोरडे बसायचे. सुपडूच्या पाठीवर नव्या वळाला जागा उरली नव्हती, असं म्हणतात.

एका साली पावसानं दगा दिला आणि जहागीरदारानं होतं नव्हतं ते पाणी आपल्या आमराईला घेतलं. बळी तो कान पिळी, दुसरं काय. पण त्या साली गावाचं डोकं फिरलं. बायाबापड्यांसकट सगळं गाव गढीपुढे जाऊन बसलं आणि उठेचना. हळूहळू गढीतले नोकरही बाहेर येऊन त्यांच्यातच बसले. शेवटी जहागीरदारानं घोड्यावर मांड टाकली. जाताना म्हणाला, "तुम्हाला मालक लागतो रे. महिन्याभरात मला न्यायला याल." आणि नदीपलीकडे निघून गेला.

गावानं पुरणपोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या शेतात गेले आणि नगारा वाजायची वाट बघत बसले. हसू नका. तुम्हीही बसला असता. ऊन डोक्यावर आलं, गहू माना टाकायला लागला आणि सुपडू पाटाच्या दारावर हात ठेवून उभा.

"उघडा की," नथ्थू तेली म्हणाला.

"हुकूम कुणाचा?" सुपडूनं विचारलं.

नथ्थूनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "माझा नाही बाबा," म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला.

पुढच्या दिवसापासून उलटंच झालं. जो तो हुकूम सोडायला लागला. वरच्या शेतवाल्यानं पाट फोडला, खालच्यानं कुऱ्हाड काढली. गाव आगीतून निघालं आणि फुफाट्यात पडलं. मग चारचौघांनी ठरवलं की सुपडूलाच मालक करू. गढीत राहिलेली जरीची पगडी आणून त्याच्या डोक्यावर ठेवली. सुपडूनं ती काढली, उलटीसुलटी करून बघितली.

"माझ्यामागं ही माझ्या पोराच्या डोक्यावर जाणार," तो म्हणाला. "त्याला तर तुम्ही ओळखता."

पोराला सगळे ओळखत होते. पगडीचा विषय तिथंच संपला.

मग काय करायचं, हे सुपडूलाही ठाऊक नव्हतं. तो सगळ्यांना घेऊन खंडोबाच्या देवळात गेला. तिथं दिवसभर भांडण झालं, दोघांनी एकमेकांची टोपी फेकली, पण शेवटी घराघरातून एकेकानं भंडारा उचलला आणि शपथ घेतली. पाटाच्या टोकाला ज्याचं शेत त्याला पाणी पहिलं. पाळी सगळ्यांना सारखी. पाटकरी दर साली गावानं निवडायचा. आणि जो पाळी मोडेल त्यानं सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाटाच्या दाराशी पाण्यात उभं राहायचं, मग तो कुणीही असो. 'कुणीही असो' हे सुपडूनंच घालायला लावलं, असं म्हणतात.

आणि पहिली पाळी मोडली कुणी? सुपडूनंच. कुणी म्हणतं त्याचा डोळा लागला आणि पाणी त्याच्या स्वतःच्या शेतात वाहत राहिलं. कुणी म्हणतं जळतं पीक त्याला बघवेना, म्हणून त्यानं जाणूनबुजून सोडलं. त्याच्या बायकोला, भागाईला, लोक विचारायचे, तर ती म्हणायची, "त्यांनाच नीट सांगता येईना, मला काय विचारता?"

पौष महिना होता. पांझरेचं पाणी हाडं गोठवत होतं आणि सुपडूचं वय झालेलं. सकाळी त्यानं उपरणं काठावर ठेवलं आणि कंबरभर पाण्यात जाऊन उभा राहिला. भागाई काठावर बसून रडायला लागली. सगळं गाव जमलं. म्हाताऱ्याला बाहेर काढावं तर शपथ मोडते, राहू द्यावं तर तो जगत नाही. कुणाचं डोकं चालेना.

"सुपडूबाबा, तो नियम तुमच्यासाठी नव्हता," नथ्थू म्हणाला. "वर या."

"मग घोड्यावरून गेला त्याचं काय चुकलं होतं?" सुपडूनं विचारलं. त्याचे दात वाजत होते.

एक म्हणाला, देवाला कौल लावू. एक म्हणाला, आभाळ आलंय, सूर्य मावळला असं समजू. एक म्हणाला, आधी पंच नेमू. नदीपलीकडे जहागीरदार घोड्यावर बसून हे सगळं बघत होता, असं म्हणतात. त्याला फार वेळ थांबावं लागणार नाही, असंच त्याला वाटत असणार. मला दर वेळी इथं राग येतो. अख्खा दिवस गाव काठावर बोलत उभं राहिलं, आणि सगळी भली माणसं होती हो.

उन्हं कलली तशी भागाई उठली. "काय ठरलं?" तिनं नथ्थूला विचारलं.

"ठरतंय," नथ्थू म्हणाला.

भागाईनं पदर खोचला. "एकट्यानं उभं राहायचं, असं होतं का शपथेत?"

शपथेत तसं नव्हतं. भागाई पाण्यात उतरली आणि नवऱ्याला टेकून उभी राहिली. मग नथ्थू उतरला. मग ज्यांनी टोप्या फेकल्या होत्या ते उतरले, बाया उतरल्या, बाप लेकरं खांद्यावर घेऊन उतरले. इतकी माणसं दाटली की पाट तुंबला, पाणी चढत गेलं आणि माळावरच्या शेतात शिरलं. तिथं त्याआधी कधी पाणी गेलं नव्हतं आणि नंतरही गेलं नाही, असं म्हणतात. नदीपलीकडे जहागीरदारानं घोडं वळवलं. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

सूर्य मावळला. सगळे काकडत वर आले. सुपडू आला नाही. भागाई ज्याला टेकून उभी होती तो माणसाएवढा दगड होता. तिला तो केव्हा गार पडला ते कळलंच नव्हतं, कारण तीही तेवढीच गार पडली होती.

तो दगड अजून पाटाच्या दाराशी आहे. सुपडूचा म्हणून त्याला भंडारा लावतात. पौषात गाव नवा पाटकरी निवडतं, आणि त्यानं अजून काही चूक केलेली नसते तरी तो त्या दगडाशी पाण्यात उभा राहतो. त्याच्याबरोबर सगळं गाव उतरतं. सरपंच उतरतो, मास्तर उतरतात, आदल्या दिवशी नांदायला आलेली सून उतरते, तालुक्याहून कुणी साहेब बघायला आला तर त्यालाही पँट दुमडून उतरावं लागतं. त्या दिवशी तुम्ही लांबून बघाल तर काठावर माणूस दिसणार नाही, नुसत्या चपला दिसतील.