चालू ठेवलेली गाडी

“मग माझं चुकतंय कुठं, बुवा?” रणधीरने विचारले.

येसूबुवा काठीने धुनीतली राख सारखी करत होते.

जेजुरीच्या पलीकडे माळावर बुवांचा मठ आहे. मठ म्हणजे पत्र्याची शेड, एक धुनी आणि पाण्याचा माठ. रणधीर जाचक बुवांना गुरू मानतो. दर गुरुवारी आपल्या उंच, काळ्या, परदेशी गाडीतून येतो आणि ती थेट शेडच्या दाराला लावतो. चार पावलं चालला तर भक्ती कमी पडेल, असं त्याला वाटत असावं.

“शाल्मलीचं डोकं दुखतं. उलट्या होतात. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं. सगळं चांगलं आहे म्हणतात. अभिषेक केला, उपास केले...” तो हात जोडून पुढे सरकला. “सात वर्षांची पोर आहे हो. तुमच्या धुनीचा अंगारा द्या. दुसरं काही मागत नाही.”

“कधी दुखतं?”

“तेच तर कळत नाही. शाळेतून आली की दुखतं. आजोळी गेलो, तिथं पोचल्यावर दुखलं. आज इथं येतानाही...”

“आन् घरात?”

“सुट्टीच्या दिवशी बरी असते.”

बुवांची काठी थांबली.

“पोर कुठाय आत्ता?”

“गाडीत. मागं झोपलीय. काचा लावून एसी चालू ठेवलाय. ऊन नको लागायला.”

बाहेर इंजिन घुरघुरत होते. आम्ही नेहमीचे तिघेचौघे शेडमध्ये बसलो होतो. तो आवाज मघापासून कानावर पडत होता, पण त्याचे कुणाला काही वाटले नव्हते. आता वाटू लागले.

“भाईर काढ तिला.”

“राहू द्या ना, बुवा. आत्ताच डोळा लागलाय. सारखी कुरकुरत होती, वास येतो म्हणून.”

बुवा उठले. त्यांना असे झटकन उठताना मी कधी पाहिले नव्हते. अनवाणीच गेले आणि मागच्या दाराचे हँडल ओढले. दार लॉक होते.

“उघड.”

“उघडतो... एवढं काय...” रणधीर खिशात बटणावर चालणाऱ्या गाडीची रिमोट-किल्ली चाचपत राहिला. एका खिशात नव्हती. दुसऱ्यातही पटकन सापडेना.

दार उघडले तसा जळक्या डिझेलचा उग्र वास अंगावर आला. पोर सीटवर कलंडली होती.

“शालू... ए शालू...”

ती हलली नाही.

रणधीरने तिला उचलून कडुलिंबाखाली आणले. तोंडावर वारा घातला, गाल थोपटले. मग पोर एकदम कण्हली, ओकली आणि डोळे किलकिले करून म्हणाली, “बाबा, पाणी.”

रणधीर मटकन खाली बसला.

आमच्यातल्या एकाने दवाखान्यात न्यायला गावातली जीप बोलावली. बुवांनी खूण केली तशी दुसऱ्याने गाडी बंद केली. माळावर शांतता पसरली.

“कशाचा वास ह्यो?” बुवांनी विचारले.

“सायलेन्सरच्या पाइपचा जोड गळत असेल.” रणधीर पोरीकडेच पाहत होता. “त्यात धूर गाळायचा फिल्टर असतो. तो तुंबला होता. समोर पिवळा दिवा लागायचा, सारखा. शोरूमवाले म्हणाले, फिल्टर बदलू, गाडी आठ दिवस सोडा. आठ दिवस मी काय लोकांच्या गाडीतून फिरू?”

“मग?”

“एका गॅरेजवाल्यानं फिल्टरच काढून टाकला. पाइप कापून पुन्हा जोडला.”

“आन् दिवा?”

रणधीरने पोरीच्या तोंडावरचे केस मागे सारले.

“तोही... बंद करून टाकला त्यानं. मग लागलाच नाही कधी.”

पोर त्याच्या मांडीवर डोके ठेवून घोट घोट पाणी पीत होती. जीप अजून आली नव्हती. तो पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघत होता.

“बुवा, आता तरी अंगारा द्या.” त्याला रडू आवरेना. “तिच्या कपाळाला लावा. पाया पडतो तुमच्या.”

बुवा धुनीकडे गेले नाहीत. ते गाडीच्या मागे गेले. खाली वाकून त्यांनी धुराच्या नळीत बोट फिरवले. बोट काळेकुट्ट झाले.

ते परत आले, पोरीशेजारी उकिडवे बसले आणि ते बोट तिच्या कपाळाकडे नेले.

रणधीरने त्यांचे मनगट घट्ट धरले. इतक्या वर्षांत त्याने बुवांच्या पायांखेरीज कशाला हात लावला नव्हता.

“नको, बुवा. विषारी असतं ते.”

बुवांनी हात सोडवून घेतला नाही. त्याच्याकडे पाहत राहिले...

“मी नुसतं कपाळाला लावत हुतो रं.”