नाकारलेली ओंजळ

एका गावात एक रीत होती: दिलेली ओंजळ कुणी परत करायची नाही. कुणी नवं काम काढलं की त्याने पाडव्याला पारावर येऊन ते सांगायचं, आणि मग प्रत्येक घराने त्या कामात आपली एक ओंजळ घालायची. घर बांधणाऱ्याला ओंजळभर चुना, मळा लावणाऱ्याला ओंजळभर बियाणं. घेणाऱ्याने ती कपाळाला लावायची. ओंजळ नाकारली तर दोन्ही घरांचा संबंध तुटला. मग पेरणीला, तोडणीला, लग्नाला, मयताला, कुणी कुणाच्या दारात जायचं नाही. तशी रीत चांगलीच होती. पण चांगल्या रीतींची हीच तर पंचाईत असते. त्यांनी कुणाचं वाटोळं केलं, तरी त्यांच्यावर रागावायची सोय नसते.

त्या गावात एक माळी आणि माळीण राहत होती. माळीण लहानपणी मामाकडे दूरच्या नगरात शिकलेली. लग्न होऊन या गावात आली, ती डोक्यात बरंच काही घेऊन आणि पायात तेवढीच घाई घेऊन. त्यांना एकच मुलगी, साळू. पाच वर्षांची. साळूचं तोंड दिवसभर चालू असायचं. दोडक्याच्या वेलीला आधाराची काठी कशी दिसते, तिला डोळे असतात का? गोगलगाय झोपताना दार लावून घेते का? माळी सकाळी पाणी लावायला निघाला की ती मागे, आणि तो परत येईपर्यंत तिचं एकही वाक्य प्रश्नाशिवाय संपायचं नाही.

त्या पाडव्यानंतर साळूने पंतोजींच्या शाळेत जायचं, असं गावाने धरून ठेवलं होतं. माळीण एकदा ती शाळा बघून आली होती. देवळाच्या ओवरीत पोरं रांगेने बसलेली, एका सुरात एकच गोष्ट घोकत होती. शेजारच्या घरचा मुलगा चैत्रात त्या रांगेत बसला, तेव्हा कोकिळेशी भांडायचा. दिवाळीत फराळाला आला, तर लाडू घेऊ का हेसुद्धा त्याला विचारता येईना. माळिणीने लाडू पुढे केला तसा त्याने आधी तिचा दुसरा हात पाहिला. छडी नव्हती, मग घेतला.

माळिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. पोराला लिहिता आलं म्हणून गाव पंतोजींना पानसुपारी देत होतं, आणि पोराचं बोलणं गेलं त्याबद्दल कुणी ब्रही काढत नव्हतं.

पाडव्याला ती पारावर उभी राहिली आणि म्हणाली की साळूचं पहिलं वर्ष मी घरीच करणार. मीच शिकवणार.

गावात थोडा वेळ नुसती कुजबुज झाली. पंतोजी खाकरले. पाटील म्हणाले, "सूनबाई, काम नवं आहे. पण सांगितलंस ते पारावर सांगितलंस. आता गावाची ओंजळ येणार."

माळिणीने मान डोलावली. तिला वाटलं, ओंजळ म्हणजे येईल कुणाची पाटी, कुणाची खडू-पेन्सिल.

घरी येऊन तिने पुढच्या खोलीची भिंत पांढरी केली आणि तिच्यावर गेरूने बारा घरं आखली, महिन्याला एक. चैत्राच्या घरात वाफे आणि बियांची मोजणी. ज्येष्ठात माती, किती तऱ्हेची आणि कुठली. श्रावणात पानं. आश्विनापासून अक्षरं, तीही आधी राखेत बोटाने. पौषात रात्री अंगणात घोंगडी टाकून तारे. प्रत्येक घराचा निम्मा भाग तिने कोराच ठेवला. माळ्याने विचारलं, हे अर्धवट का? ती म्हणाली की तिथे साळू राहणार आहे. माळी हसला, आणि वाफ्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी ओंजळी यायला लागल्या.

पहिला वाणी आला. त्याने ना पाटी आणली, ना खडू. पोरीच्या शिक्षणात बियाणं काय घालणार, विद्याच घातली पाहिजे, म्हणून माझी ओंजळ म्हणजे पावकी-निमकीचे पाढे, असं तो म्हणाला. रोज सकाळी तासभर. या वाण्याला स्वतःला ते पाढे कधी आले नव्हते. गिऱ्हाईक समोर असलं की तो पाटाखाली बोटं मोजायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण रीत ती रीत. माळिणीने पाढे कपाळाला लावले आणि बाराही घरांच्या कोऱ्या भागात त्यांची एकेक ओळ लिहिली.

मग माळ्याची बहीण आली. तिची ओंजळ अशी की पोरीला चारचौघांत मान खाली घालून गप्प बसायला शिकवावं. ही बाई स्वतः बोलायला लागली की तिच्या दारातलं कुत्रंसुद्धा उठून जायचं. पाटलांनी गावाचा इतिहास दिला. इतिहास म्हणजे काय, तर पाटलांचे पूर्वज, बापापासून वर जातील तितके. पाच वर्षांच्या पोरीने ते क्रमाने पाठ करायचे. कशासाठी? तर पाटलांना ऐकताना बरं वाटावं म्हणून. आणि शेवटी दस्तुरखुद्द पंतोजी आले, हात जोडून, अगदी गोड हसत. त्यांची ओंजळ छोटीशीच होती. एवढं सगळं शिकवताय, तर संध्याकाळी उजळणी हवीच. मी येऊन घेत जाईन.

ज्या माणसापासून पोर वाचवायची, तोच उंबरठा ओलांडून आत आला, आणि आईने त्याला गूळ-पाणी दिलं. रीत म्हणतात ती हीच.

आषाढ उजाडेपर्यंत भिंतीवर पांढरं म्हणून दिसेना. साळू पहाटे पाढ्यांना बसायची आणि दिवेलागणीला उजळणीतून उठायची. मधल्या वेळात मान खाली घालायची. माळीण रोज धुसफुसायची. ओंजळी देणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायची, आणि दुपारी सगळे गेले की साळूला जवळ घेऊन स्वतः शिकवायची: नगराची भाषा. ती भाषा तिला जीव की प्राण होती, आणि तिचीही ओळ तिने भिंतीवर लिहिली होती. साळू पेंगायची, तेव्हा ती तिच्या डोळ्यांना पाणी लावायची. मायेनेच लावायची.

श्रावणातली गोष्ट. माळीण मळ्याच्या कुंपणाशी काकडी तोडत होती. साळू शेजारी उभी होती. कुंपणाच्या काठीवर एक सरडा आला. त्याचा गळा लाल होता, आणि बघता बघता तो काठीच्या रंगाचा झाला. साळूने डोळे मोठे केले. मग तिने सरड्यावरून नजर काढली, आईकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं,

"आई, सरडा बघायचा कुठल्या घरात आहे?"

माळिणीला आधी कळलंच नाही. साळूने समजावून सांगितलं, "भिंतीवर. कुठल्या महिन्यात आहे? आत्ता नसेल तर नको बघायला."

माळिणीने हातातली काकडी टाकली. ती तिथूनच ओरडायला लागली, वाण्याच्या नावाने, नणंदेच्या नावाने, पाटलांच्या वर गेलेल्या साऱ्या पूर्वजांच्या नावाने. माझ्या पोरीला डोळे उघडायला परवानगी लागते, असं म्हणत ती पदर खोचून गावाकडे निघाली. माळी पाणी सोडून आडवा आला. तो फार बोलणारा माणूस नव्हता.

"जा," तो म्हणाला. "सगळ्यांच्या परत कर, मी तुझ्या मागे उभा आहे. पण पहिली तुझी कर."

"माझी कुठली?"

"दुपारची."

ती थांबली. तिला राग आला, तो नवऱ्याचा आला. ती भाषा म्हणजे काय पाटलांचे पूर्वज आहेत का, ती भाषा म्हणजे जगाची खिडकी आहे, असं ती बरंच बोलली. माळी ऐकत राहिला. बोलता बोलता तिला आठवलं की वाणीही असाच बोलला होता. पाढे म्हणजे जगाचा पाया, म्हणाला होता. वाण्याला जे आलं नाही ते तो साळूच्या गळ्यात बांधत होता. आणि तिला जे सोडून यावं लागलं, ते ती बांधत होती.

त्या दुपारी तिने भिंतीवर चुन्याचा हात मारला. सगळ्यात आधी बुजली ती तिची स्वतःची ओळ. मग ती पारावर गेली आणि एकेकाचं नाव घेऊन म्हणाली, तुमची ओंजळ परत.

आजवर असं कधी घडलं नव्हतं. नणंद म्हणाली, नगराचं वारं लागलंय. पंतोजी म्हणाले, पोर वाया गेली म्हणून समजा. पाटलांनी शांतपणे विचारलं, "सूनबाई, तोडणीला कोण येणार, याचा विचार केलास?"

"केला, पाटीलबाबा. माळ्याचे दोन हात आणि माझे दोन. काकडी वेलीवर पिवळी पडली, तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते."

आणि काकडी पडली पिवळी. खरोखर कुणी आलं नाही. निम्मा मळा वेलीवरच जून झाला, घेवड्याच्या शेंगा तडकून गेल्या. त्या हिवाळ्यात माळ्याच्या घरी दोन्ही वेळा आमटीच असायची, तीही पातळ. गावातल्या शहाण्यांनी ती आमटी दाखवून आपापल्या सुनांना धडा शिकवला.

साळू मात्र आठवडाभर नुसती मळ्यात हिंडली. काही विचारलं नाही. माळिणीला वाटलं, उशीर झाला. मग एका सकाळी साळू तिला ओढत कुंपणाशी घेऊन गेली आणि सरडा अंडं घालतो का पिल्लू, यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. माळीण हरली, आणि घरी येऊन रडली.

पुढचा पाडवा आला. पारावर शाळेची पोरं रांगेने उभी होती. पाटलांनी साळूला पुढे बोलावलं आणि गावाला ऐकू जाईल असं विचारलं, की वर्षभर घरी शिकलीस, तर सांग, माझ्या खापरपणजोबांचं नाव काय?

"माहीत नाही," साळू म्हणाली.

रांगेतल्या पोरांनी घाबरून पंतोजींच्या हाताकडे पाहिलं. हे दोन शब्द त्या गावात कुठल्याही पोराने मोठ्याने उच्चारले नव्हते.

"ते कसे होते?" साळूने विचारलं. "त्यांना काय आवडायचं?"

पाटलांना नाव येत होतं, बाकी काही येत नव्हतं. ते रागावले, पंतोजी त्यांच्याहून जास्त रागावले, आणि ही पोर उद्धट झाल्याचा निवाडा तिथल्या तिथे झाला. माळिणीने साळूचा हात धरला आणि ती घराकडे वळली.

तेवढ्यात मागून वाण्याची सून उठली. तिच्या कडेवर चार वर्षांचा मुलगा होता. सासऱ्याकडे न बघता ती म्हणाली,

"याचं पहिलं वर्ष मीही घरीच करणार आहे. कुणी ओंजळ आणू नये."

तात्पर्य: आपलं राहून गेलेलं शिकायला मूल जन्माला येत नाही. त्याच्या पहिल्या वर्षात जागा राखायची असेल, तर इतरांना नाही म्हणावंच लागतं. पण पहिलं नाही स्वतःला म्हणावं लागतं.