औंदाचं निशाण

“औंदा निशाण माझ्याकडंच ना, बाबा?”

वाडीतल्या तरण्या लुमाजीनं विचारलं. बुधाबाबा अंगणात दोर वळत बसले होते. मान वर केली नाही.

बुधाबाबा म्हणजे माझ्या आईचे चुलते. माझ्या आजोळी चैत्रात देवीच्या कड्यावर निशाण लागायचं. एकटा गडी दोराशिवाय वर जायचा, माथ्याच्या कपारीत निशाण रोवून यायचा. माझ्या लहानपणी तो गडी म्हणजे बुधाबाबाच; पुढं निशाण कुणी न्यायचं, तेही तेच ठरवायचे. एरवी वर्षभर त्या कड्याला कुणी पाय लावायचा नाही, अशी रीत. सरावाला वाडीमागचा धोंडा होता, घरापेक्षा उंच. खाली भाताचा पेंढा पसरायचा नि चढायचं.

आता कड्याला लोखंडी शिडी बसली. बरं झालं, माणसाचा जीव वाचतो. पण वर चढणाऱ्याकडं बघत सारी जत्रा कशी एकदम गप्प व्हायची... पिपाण्यासुद्धा थांबायच्या. तशी जत्रा मी पुन्हा पाहिली नाही.

“वरीसभर रोज धोंडा चढलो, बाबा. एक दिवस चुकवला नाही. आता डोळे झाकून चढतो.”

“पडतोस का?”

“छ्या! पहिल्यांदा पडलो असेन. आता बघा की, गुडघ्यावर ओरखडा नाही.”

बाबांनी दोराला आणखी एक पीळ दिला.

ओट्यावर त्यांची म्हातारी तांदूळ निवडत होती. ती हसली. “नवरदेवाचे गुडघे हो! हळदीला बसवा त्याला.”

बाबांनी दोर खाली ठेवला. धोतर वर सरकवलं. गुडघा सोललेला, जखम अजून ओली.

“हे कधी लागलं?” लुमाजीनं विचारलं.

“सकाळी. धोंड्यावरनं पडलो.”

“कुठल्या? आपल्याच?”

“आपल्याच.”

लुमाजीला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. मनात म्हणाला असेल, म्हातारा थकला, निशाण आपलंच.

“चल,” बाबा म्हणाले.

धोंड्यापाशी लुमाजी नेहमीच्या जागी उभा राहिला, हात वर टाकला. बाबांनी दंडाला धरून त्याला पलीकडच्या अंगाला नेलं. तिकडं ऊन यायचं नाही, दगड पोटासारखा पुढं आलेला.

“हितनं.”

“हितनं वाट कुठाय?”

“कड्याला कुठाय?”

लुमाजी चढला. पुरुषभर वर गेला आणि दगडावर नुसता हात फिरवत राहिला. धरायला काही गावेना. पाय थरथरायला लागला... आणि गडी पेंढ्यात.

उठला, अंगावरचं काड झटकलं. डोळे भरले होते त्याचे. “रोज चढलो की हो मी...”

“घाण्याचा बैलबी रोज चालतो, लुमा.”

बाबा घराकडं वळले. निशाणाचं नावसुद्धा काढलं नाही.

त्यानंतर लुमाजी उन्हं तापायच्या आत त्या पलीकडच्या अंगाला जायचा. पडायचा, बसायचा, दगडाकडं बघत राहायचा, पुन्हा चढायचा. परतताना म्हातारी त्याला ओट्यावर बसवून हळदतेल लावायची आणि वर तोंडानं टोचायची, “आता कुणी पोरगी देईल का रे तुला?”

जत्रा तोंडावर आली. तरी त्यानं विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही. देवीच्या मांडवाचे खांब उभे राहिले, तेव्हा तो असाच लंगडत अंगणात आला.

“आज कुठनं पडलास?” बाबांनी विचारलं.

“वरच्या भेगेखालनं.”

“आणि काल?”

“काल भेगेला हातच पोचला नव्हता.”

“म्हणजे उद्या पडायचा नाहीस.”

“तिथनं नाही...” लुमाजी ओशाळं हसला. “पण उद्या कुठनं पडायचं, ते बघून आलोय.”

म्हातारीचा हात तेलाच्या वाटीतच थांबला. 

बाबा म्हणाले, “ओढ्याकडं जा. सरळसा वेळू बघ, निशाणाला काठी तोडून आण.”