धोंडबाच्या छातीतली रांगोळी

"कोण खोकलं?" शुभ्रगडचे राजे नगाजीराव गाता गाता थांबले आणि त्यांनी तंबोरा बाजूला आदळला.

कोण खोकलं ते साऱ्या दरबाराला ठाऊक होतं! राजवाड्याला लागूनच रांगोळीचा कारखाना होता. तिथं शिरगोळ्याचे पांढरे दगड कुटून त्यांची मैद्यासारखी रांगोळी करायचे, तीही दारं-खिडक्या घट्ट लावून. राजा पक्का चिक्कू. वाऱ्याने चिमूटभर रांगोळी उडाली तरी त्याचा जीव खालीवर व्हायचा. आत एवढा धुरळा, की नवऱ्याने बायकोला ओळखायचं ते खोकल्यावरून! त्यात धोंडबाचा खोकला सगळ्यांत दांडगा. राजाने तान घेतली की तो बरोब्बर समेवर यायचा, आणि दरबारी चुकून त्यालाच "वाहवा!" म्हणायचे.

हेच राजाला झोंबलं होतं. "उद्यापासून कारखान्यात कोणी खोकायचं नाही!" तो गरजला. "रांगोळी मात्र तेवढीच बारीक हवी, आणि चिमूटभरही बाहेर जाता कामा नये. जो खोकेल तो बिऱ्हाडासकट हद्दपार!"

हुकूम ऐकून धोंडबाने खोकला दाबायला तोंडात अर्धी भाकरी कोंबली. ती भाकरी सुटली ती थेट शेजाऱ्याच्या पागोट्यावर! सगळे हसले. त्याची लेक येसूही हसली, पण लगेच तिने बापाला पाणी पाजलं. बाप जरा चालला की धापा टाकत होता. हद्दपार झाला तर शिवेपर्यंतही पोचायचा नाही.

दुसऱ्या दिवशी काम सुटताच तिने बापाचा हात धरला आणि तडक दरबार गाठला. "म्हाराज, चोरी! कारखान्यात रोज चोरी व्हतीया!"

राजा आलाप अर्धवट टाकून उठला. "कोण चोर?"

"समदेच! आन पयला चोर माझा बा."

"अशक्य!" दरवाज्यावरचा शिपाई कडूजी ओरडला. "सुटताना मी एकेकाची झडती घेतो, महाराज! पागोटी सोडून बघतो, पानाची चंचीसुद्धा उलटी करतो!"

"माल चंचीत नाय, कडूजीमामा, छातीत हाय!" येसूने खांद्यावरचं काळं घोंगडं बापाच्या तोंडापुढे धरलं. "बा, आता खोक बिनघोर!"

धोंडबाने दिवसभर दाबून धरलेला साठा मोकळा केला. तो असा खोकला की पुढचे दोन मानकरी आपोआप खाली बसले. काळ्या घोंगड्यावर पांढरे ठिपकेच ठिपके उमटले.

"आमची रांगोळी!" राजा किंचाळला. "परत कर!"

"परतच करत व्हता की खोकून खोकून! तुमीच नगं म्हनलात. आता खोकला तर हद्दपार, नाय खोकला तर चोर! त्यानं करावं तरी काय?"

राजाने मिशी चावली. "हे सगळं ढोंग आहे! आम्ही स्वतः आत बसून पाहतो. आमच्या नाकात एक कणसुद्धा जाणार नाही!"

माणसं पुन्हा कामाला लावली. राजा आत शिरला, दार बंद झालं, मुसळं दणादण पडू लागली. थोड्याच वेळात दार धाडकन उघडलं आणि एक पांढराफटक प्राणी बाहेर धडपडला. मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, कान पांढरे!

"थांब! झडती!" कडूजीने त्याचा मंदिल उतरवला, खांदे झटकले.

"अरे मूर्खा, आम्ही..." पुढचे शब्द निघालेच नाहीत. निघाला तो खोकला!

"खोकलास? हद्दपार!" कडूजीने त्याचं मानगूट धरलं, मग तोंड जवळून पाहिलं, आणि "मेलो!" म्हणत तिथंच लोटांगण घातलं.

तांब्याभर पाणी प्यायल्यावर राजाला कंठ फुटला. "पोरी, ही चोरी थांबवायची कशी?"

"मिरची कोरडी कुटली की समदी आळी शिंकतीया, तीच पानी घालून वाटली तर कोन शिंकतंय? शिरगोळंबी भिजवून वलंच कुटायचं. मग पान्यात ढवळायचं. जाड तळाला बसलं की वरचं पांढरं पानी दुसऱ्या घंगाळात वतायचं. त्यात खाली बसंल ती मैद्यावानी रांगोळी, चाळायलाच नगं! वाळल्यावर फोडायची ती उघड्यावर, तोंडाला फडकं बांधून. आन खिडक्या सताड उघडायच्या!"

"खिडकीतून उडून जाईल की!"

"वला चिखल उडताना कुनी बघितलाय, म्हाराज?"

राजाला पटलं. पण चिक्कूपणा कुठला सुटायला! "बरं, उद्यापासून ओलं कुटा. पण या धोंडबाच्या छातीत बसलेली आमची रांगोळी? ती आजच्या आज बाहेर काढ, नाहीतर हद्दपारी कायम!"

धोंडबाच्या छातीतली घरघर सगळ्यांना ऐकू येत होती. आत रुतलेली ती पूड आता कुठलाच वैद्य काढू शकणार नाही, हे येसूला माहीत होतं. तिला राजाचा भयंकर राग आला. तो गिळून तिने हात जोडले.

"ती आता निघायची नाय, म्हाराज. म्हंजी माझा बा झाला तुमची तिजोरी! राजाची तिजोरी कुनी शिवंबाहेर नेऊन टाकतं का? शेजारच्या राजानं पळवली मंग? तिजोरीला कुनी दगूड फोडाया लावतं का? तिला चांगल्या जागी ठिवत्यात, धक्का लागू देत नायत, राखन बसिवत्यात! आन ही तिजोरी तर दूध-भाकरीवर ऱ्हाती!"

राजा आधी धोंडबाकडे बघत राहिला, मग येसूकडे, आणि एकदम असा हसत सुटला की त्याच्या मिशांतली रांगोळी भुरुभुरु खाली पडू लागली. "अरे, अशा तिजोऱ्या आमच्याकडे किती असतील?"

"कारखान्यात धाप लागती तेवढ्या समद्या, म्हाराज!"

राजा पोट धरून आणखी हसला. कारखान्यातल्या सगळ्या थकल्या-भागल्यांना नदीकाठी हवेशीर घरं, वैद्य आणि जन्मभर दूध-भाकरी मिळाली. येसूला सोन्याचं कडं मिळालं, वर कारखान्याचा कारभारही. आणि कडूजीला धोंडबाच्या दारात भाला घेऊन उभं केलं, तिजोरीच्या राखणीला!